नकाराधिकार

नकाराधिकार : (व्हेटो). सभेतील बहुसंख्य सभासदांना मान्य असलेला निर्णय एकट्याच्या विरोधी मताने रोखण्याचा अधिकार. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मी मनाई करतो’ असा आहे. प्राचीन रोममध्ये सामान्य जनांच्या वतीने निवडलेल्या ट्रिब्यून या अधिकाऱ्यांना राज्याधिकाऱ्यांची कृती अशा प्रकारे थांबविता येत असे. पोलंडच्या संसदेत सतराव्या-अठराव्या शतकांत कोणाही एका सभासदाच्या विरोधामुळे संपूर्ण अधिवेशन निष्फळ ठरे. ३ मे १७९१ च्या संविधानाने ही पद्धत रद्द केली. तथापि तोवर राज्ययंत्रणा खिळखिळी झाली होती आणि १७९५ मध्ये पोलंडचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात आले. विधिमंडळाने संमत केलेले विधेयक नामंजूर करण्याचा राष्ट्रप्रमुखाचा अधिकारही याच नावाने ओळखला जातो. आधुनिक आंतरराष्ट्रीय राजकारणात मात्र ही संज्ञा मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीतील पाच स्थायी सभासदांच्या विशेषाधिकारासाठी योजिली जाते. रोममध्ये जो अधिकार दुर्बलांची ढाल म्हणून उदयास आला, तो येथे प्रबळांच्या हाती आहे. त्यामुळे त्याच्या औचित्याविषयीचा वाद १९४५ पासून आजतागायत चालू आहे. प्रस्तुत नोंदीत या अधिकाराचा इतिहास व त्यासंबंधीचे प्रमुख मतप्रवाह यांचा परामर्श घेतला आहे.

राष्ट्रसंघाचा अनुभव : पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाच्या घटनापत्रकातील पाचव्या अनुच्छेदानुसार महत्त्वाच्या निर्णयांसाठी उपस्थित सभासदांचे एकमत आवश्यक होते. म्हणजे एका अर्थी तेथे लहानमोठ्या सर्वच सभासदांना नकाराधिकार होता. मांचुरियावरील जपानी आक्रमणाच्या वेळी, २४ ऑक्टोबर १९३१ रोजी, सैन्य मागे घेण्याविषयीच्या ठरावाला परिषदेतील तेरा सभासदांनी अनुकूल मत दिले; एकट्या जपानच्या विरोधामुळे तो बंधनकारक ठरला नाही. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये राष्ट्रसंघाच्या सभेने लिटन समितीच्या अहवालावर आधारलेला निर्णय ४२ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केला, तेव्हा जपानने सभात्याग केला व मार्चमध्ये राष्ट्रसंघ सोडत असल्याचे कळविले. अमेरिका तर राष्ट्रसंघात कधीच सामील झाली नव्हती. या अनुभवातून दुसऱ्या महायुद्धकाळातील मुत्सद्द्यांनी दोन निष्कर्ष काढले. सर्वांच्या एकमताची अट ठेवल्यास संघटना पंगू होते, हा पहिला. आणि बलाढ्य राष्ट्रे बाहेर राहिली वा बाहेर पडली, तर तिचे निर्णय कागदावरच राहतात, हा दुसरा. नव्या संघटनेतील नकाराधिकार हा या दोन निष्कर्षांच्या संयोगातून निर्माण झाला.

याल्टा सूत्र : वॉशिंग्टनमधील डंबार्टन ओक्स येथे ऑगस्ट ते ऑक्टोबर १९४४ मध्ये झालेल्या वाटाघाटींत नव्या संघटनेचा आराखडा तयार झाला, परंतु सुरक्षा समितीतील मतदानपद्धतीविषयी मतैक्य होऊ शकले नाही. एखादे बडे राष्ट्र स्वतःच तंट्यातील पक्ष असेल, तर त्याने मत द्यावे की नाही, हा वादाचा मुद्दा होता. फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेत रूझवेल्ट, चर्चिल व स्टालिन यांनी त्यावर तडजोड केली. कार्यपद्धतीविषयक बाबी साध्या ठरावीक बहुमताने ठरवाव्यात. अन्य सर्व बाबींत त्या बहुमतामध्ये स्थायी सभासदांची अनुकूल मते असावीत. मात्र तंटा शांततेच्या मार्गाने सोडविण्याविषयीच्या निर्णयात तंट्यातील पक्षाने मतदान करू नये, असे हे सूत्र होते. नकाराधिकार ही केवळ सोव्हिएट संघाची मागणी होती, हा समज बरोबर नाही. अमेरिकेच्या सीनेटने व्हर्सायचा तह १९१९-२० मध्ये नाकारला होता आणि नकाराधिकाराच्या संरक्षणाविना तिने नवी सनदही स्वीकारली नसती, याची रूझवेल्ट यांच्या सहकाऱ्यांना पूर्ण जाणीव होती. सोव्हिएट संघाचा आग्रह इतकाच होता, की हा अधिकार शक्य तितका व्यापक असावा.

सॅन फ्रॅन्सिस्को येथे २५ एप्रिल १९४५ पासून भरलेल्या परिषदेत लहान व मध्यम राष्ट्रांनी या सूत्राला कडवा विरोध केला. ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री एच्. व्ही. इव्हॅट हे या विरोधाचे अग्रणी होते. निदान तंट्यांच्या शांततामय सोडवणुकीच्या बाबतीत तरी नकाराधिकार नसावा, अशी त्यांची दुरुस्ती होती. ती १० विरुद्ध २० मतांनी फेटाळली गेली. १५ राष्ट्रे तटस्थ राहिली. या तटस्थतेतच लहान राष्ट्रांची कोंडी स्पष्ट दिसते. अमेरिकेचे सीनेटर टॉम कॉनली यांनी सनदेच्या मसुद्याची प्रत सर्वांसमक्ष फाडून दाखविली आणि नकाराधिकार हाणून पाडल्यास सनदच उरणार नाही, असे बजावले. एखाद्या विषयावरील चर्चासुद्धा नकाराधिकाराने रोखता यावी, हा सोव्हिएट आग्रह स्टालिन यांनी जूनच्या आरंभी सोडून दिला आणि परिषदेचा मार्ग मोकळा झाला. भारत अद्याप स्वतंत्र झालेला नव्हता; तथापि ए. रामस्वामी मुदलियार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळ या परिषदेत सहभागी होते. २६ जून १९४५ रोजी सनदेवर स्वाक्षऱ्या झाल्या व २४ ऑक्टोबर १९४५ पासून ती अंमलात आली.

सनदेतील तरतुदी : मतदानविषयक नियम सनदेच्या २७ व्या अनुच्छेदात आहेत, त्यात ‘नकाराधिकार’ हा शब्द मात्र कोठेही आढळत नाही. मूळच्या अकरा सभासदांच्या समितीत निर्णयासाठी सात मते लागत. १९६३ मध्ये संमत झालेली व ऑगस्ट १९६५ पासून लागू झालेली दुरुस्ती होऊन सभासदसंख्या पंधरा व आवश्यक मते नऊ झाली. एखादी बाब कार्यपद्धतीविषयक आहे की नाही, हा प्रश्नही नकाराधिकाराच्या कक्षेत येतो, असे बड्या राष्ट्रांनी ७ जून १९४५ च्या निवेदनात म्हटले होते; यालाच दुहेरी नकाराधिकार म्हणतात. स्थायी सभासदाने तटस्थ राहणे म्हणजे नकाराधिकार वापरणे नव्हे, ही प्रथा प्रारंभीच रूढ झाली व आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नामिबियाविषयक सल्लागारी मतात १९७१ मध्ये तिला दुजोरा दिला. नव्या सभासदांचा प्रवेश व महासचिवाची नेमणूक यांसाठी समितीची शिफारस आवश्यक असल्याने तेथेही हा अधिकार चालतो. सर्वांत दूरगामी तरतूद १०८ व्या अनुच्छेदात आहे. सनदेतील कोणतीही दुरुस्ती पाचही स्थायी सभासदांच्या अनुसमर्थनाशिवाय अंमलात येत नाही. अर्थात नकाराधिकार रद्द करण्याच्या प्रस्तावावरही नकाराधिकार आहे. २३ व्या अनुच्छेदातील स्थायी सभासदांच्या यादीत चीनचे प्रजासत्ताक व सोव्हिएट संघ ही नावे अद्याप तशीच आहेत. प्रत्यक्षात त्या जागांवर १९७१ पासून चीनचे लोक-प्रजासत्ताक व १९९१ पासून रशिया बसत आहे. दुरुस्ती किती दुष्कर आहे, याचे हे बोलके उदाहरण होय.

शीतयुद्धकालीन वापर : सिरिया व लेबानन येथील ब्रिटिश व फ्रेंच सैन्याविषयीच्या ठरावावर सोव्हिएट संघाने १६ फेब्रुवारी १९४६ रोजी हा अधिकार प्रथम वापरला. समितीत व आमसभेत त्या काळी पाश्चिमात्य गटाचे बहुमत होते. त्यामुळे अमेरिकेला विरोधी मताची गरज भासत नसे आणि अल्पमतातील सोव्हिएट संघ तेच शस्त्र वारंवार उपसत असे. नव्या सभासदांच्या प्रवेशावरून दीर्घकाळ कोंडी झाली. अखेर डिसेंबर १९५५ मध्ये दोन्ही गटांनी एकत्रित सौदा करून सोळा राष्ट्रांना एकदम प्रवेश दिला. पोर्तुगाल त्यांपैकीच एक होते. ब्रिटन व फ्रान्स यांनी ऑक्टोबर १९५६ मध्ये सुएझ प्रकरणी आपल्याच कारवाईच्या समर्थनार्थ नकाराधिकार वापरला. वसाहती स्वतंत्र होऊन संयुक्त राष्ट्रांची सभासदसंख्या वाढली, तसे चित्र पालटले. अमेरिकेने पहिला नकाराधिकार १७ मार्च १९७० रोजी ऱ्होडेशियाच्या प्रश्नावर वापरला. त्यानंतर दक्षिण आफ्रिका व विशेषतः इझ्राएल-पॅलेस्टाइन या प्रश्नांवर तो तिने अनेकदा वापरला. दक्षिण आफ्रिकेची संयुक्त राष्ट्रांतून हकालपट्टी करण्याचा ठराव ऑक्टोबर १९७४ मध्ये अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स या तिघांनी मिळून रोखला. ब्रिटन व फ्रान्स यांनी डिसेंबर १९८९ नंतर हा अधिकार वापरलेला नाही. मोजणीच्या पद्धतीनुसार आकड्यांत थोडा फरक पडतो. तथापि सोव्हिएट संघ व रशिया यांनी मिळून १२० हून अधिक आणि अमेरिकेने ८० हून अधिक वेळा तो वापरला, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

ही कोंडी फोडण्याचा पहिला प्रयत्न कोरियाच्या युद्धात झाला. चीनच्या प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावरून सोव्हिएट संघाने जानेवारी १९५० पासून समितीवर बहिष्कार टाकला होता. त्याच्या अनुपस्थितीत जूनमध्ये दक्षिण कोरियाच्या मदतीचे ठराव संमत झाले. ऑगस्टमध्ये सोव्हिएट प्रतिनिधी परतल्यावर तो मार्ग बंद झाला. तेव्हा अमेरिकेच्या पुढाकाराने ३ नोव्हेंबर १९५० रोजी आमसभेने ‘शांततेसाठी एकजूट’ हा ठराव ५२ विरुद्ध ५ मतांनी संमत केला. भारत तटस्थ राहिला. सुरक्षा समिती एकमताच्या अभावी निष्क्रिय झाल्यास आमसभेने तातडीचे अधिवेशन घेऊन शिफारशी कराव्यात, असे या ठरावाने ठरले. सोव्हिएट नकाराधिकाराविरुद्ध घडविलेले हे साधन सर्वप्रथम १९५६ मध्ये सुएझ प्रकरणी ब्रिटन व फ्रान्स यांच्याविरुद्ध उपयोगी पडले, हा इतिहासाचा उपरोध होय. आमसभेच्या शिफारशी मात्र बंधनकारक नसतात. त्यांचे बळ नैतिक असते.

भारत व नकाराधिकार : भारताच्या दृष्टीने हा विषय केवळ सैद्धांतिक नाही. काश्मीर प्रश्नावर २० फेब्रुवारी १९५७ व २२ जून १९६२ रोजी सोव्हिएट संघाने भारताला प्रतिकूल असलेले ठराव रोखले. गोव्याच्या बाबतीत तर या अधिकाराचा परिणाम अधिकच प्रत्यक्ष होता. १९५५ मध्ये सभासद झालेल्या पोर्तुगालने आपल्या ताब्यात वसाहती नसून ‘सागरापलीकडील प्रांत’ आहेत, अशी भूमिका घेतली. आमसभेने डिसेंबर १९६० मध्ये ती अमान्य करून गोव्यासह ते सर्व प्रदेश अस्वायत्त ठरविले. तथापि पोर्तुगालने दाद दिली नाही. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा पोर्तुगालच्या तक्रारीवरून १८ डिसेंबर रोजी सुरक्षा समितीची बैठक भरली. भारत त्या वेळी समितीचा सभासद नव्हता. त्याची बाजू सी. एस्. झा यांनी मांडली. वसाहतवाद हेच मुळात चालू असलेले आक्रमण आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲड्लाय स्टीव्हन्सन यांनी, बळाचा वापर असा क्षम्य ठरल्यास संयुक्त राष्ट्रांचा अंत ओढवेल, अशी भीती व्यक्त केली. युद्धबंदी व भारतीय सैन्याची माघार यांची मागणी करणारा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांचा ठराव ७ विरुद्ध ४ मतांनी, म्हणजे आवश्यक तेवढ्या बहुमताने, उचलून धरला गेला. परंतु विरोधी चार मतांत सोव्हिएट संघाचे मत असल्याने तो नामंजूर झाला. उरलेली तीन मते श्रीलंका (तत्कालीन सिलोन), लायबीरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांची होती. याच तीन राष्ट्रांनी मांडलेला पोर्तुगालविरोधी ठरावही ४ विरुद्ध ७ मतांनी पडला. दुसऱ्याच दिवशी पोर्तुगीज सैन्याने शरणागती पतकरली.

दहा वर्षांनी बांगला देशाच्या मुक्तियुद्धात हाच प्रसंग मोठ्या प्रमाणावर घडला. ४, ५ व १३ डिसेंबर १९७१ रोजी युद्धबंदी व सैन्यमाघारीचे ठराव सोव्हिएट संघाने रोखले. तिन्ही वेळा अकरा सभासद ठरावाच्या बाजूने होते. सोव्हिएट संघ व पोलंड विरुद्ध, तर ब्रिटन व फ्रान्स तटस्थ होते. मधल्या काळात हा प्रश्न ‘शांततेसाठी एकजूट’ पद्धतीने आमसभेकडे गेला व तेथे ७ डिसेंबर रोजी १०४ विरुद्ध ११ अशा प्रचंड बहुमताने युद्धबंदीची शिफारस संमत झाली. ती बंधनकारक नव्हती. १६ डिसेंबर रोजी डाक्का येथे पाकिस्तानी सैन्य शरण आले. बांगला देशाचे स्वातंत्र्य आणि नकाराधिकाराने मिळवून दिलेले ते बारा दिवस यांचा संबंध नाकारता येत नाही. पुढल्याच वर्षी, २५ ऑगस्ट १९७२ रोजी, चीनच्या लोक-प्रजासत्ताकाने आपला पहिला नकाराधिकार वापरून बांगला देशाचा संयुक्त राष्ट्रांतील प्रवेश अडविला. तो १९७४ मध्ये मिळाला. एकाच अधिकाराने एकदा एका राष्ट्राच्या जन्माला साहाय्य केले आणि नंतर त्याच राष्ट्राची वाट रोखली.

शीतयुद्धोत्तर काल : मे १९९० ते मे १९९३ या तीन वर्षांत एकदाही नकाराधिकार वापरला गेला नाही व सामूहिक सुरक्षेचे युग अवतरल्याची आशा निर्माण झाली. ती टिकली नाही. १९९९ मध्ये कोसोव्होच्या प्रश्नावर रशिया व चीन यांचा विरोध गृहीत धरून नाटो राष्ट्रांनी समितीच्या संमतीविना बाँबहल्ले केले. २००३ मध्ये इराकविषयक ठरावाला फ्रान्सने नकाराधिकाराचा इशारा दिल्यावर अमेरिका व ब्रिटन यांनी तो ठराव मागे घेऊन युद्ध सुरू केले. नकाराधिकाराचा धाक प्रत्यक्ष वापराइतकाच परिणामकारक असतो. पण बलाढ्य राष्ट्र समितीला वळसा घालण्यास सिद्ध झाल्यास तो निष्प्रभ ठरतो, हे या दोन प्रसंगांनी दाखविले. सिरियाविषयक ठराव ४ ऑक्टोबर २०११ पासून रशियाने डझनाहून अधिक वेळा, अनेकदा चीनसमवेत, रोखले. युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणारा ठराव २५ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने एकट्याच्या मताने फेटाळून लावला. अकरा मते अनुकूल होती, तर भारत, चीन व संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले. दोनच दिवसांनी हा प्रश्न आमसभेच्या तातडीच्या अधिवेशनाकडे सोपविण्यात आला. तो निर्णय कार्यपद्धतीविषयक असल्याने रशियाला रोखता आला नाही. २ मार्च रोजी आमसभेने १४१ विरुद्ध ५ मतांनी निषेध केला. युद्ध मात्र थांबले नाही. गाझातील युद्धासंबंधीचे सहा मसुदे अमेरिकेने ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२५ या काळात रोखले. त्यांपैकी शेवटच्या तीन मसुद्यांना उर्वरित चौदाही सभासदांचा पाठिंबा होता. उलट मार्च २०२४ मधील अमेरिकेचा मसुदा रशिया व चीन यांनी रोखला.

मतप्रवाह : नकाराधिकाराच्या समर्थकांच्या मते, तो संघटनेचा दोष नसून तिच्या अस्तित्वाची किंमत आहे. अण्वस्त्रधारी राष्ट्राविरुद्ध बहुमताने कारवाई करणे म्हणजे शांततेच्या नावाने महायुद्ध ओढवून घेणे होय. नकाराधिकार हा विद्युत्‌मंडलातील वितळतारेप्रमाणे ती आपत्ती टाळतो. तो नसता, तर बडी राष्ट्रे राष्ट्रसंघाप्रमाणे संयुक्त राष्ट्रांतूनही बाहेर पडली असती. शिवाय निष्क्रियतेचे मूळ दर वेळी नकाराधिकारात नसते. १९९४ मध्ये रूआंडात नरसंहार चालू असताना समितीने तेथील शांतिसेना कमी करण्याचा निर्णय घेतला, तो कोणाच्याही नकाराधिकाराविना. तेथे अभाव होता इच्छाशक्तीचा.

विरोधकांचा मुख्य आक्षेप सार्वभौम समतेच्या तत्त्वाशी निगडित आहे. सनदेच्या दुसऱ्या अनुच्छेदातील समता २७ व्या अनुच्छेदाने संपुष्टात येते. बडी राष्ट्रे शांततेसाठी विशेष जबाबदारी उचलतील, या अपेक्षेने हा अधिकार दिला होता. व्यवहारात तो स्वतःच्या व मित्रराष्ट्रांच्या कृत्यांना अभय देण्यासाठी वापरला गेला. तंट्यातील पक्षाने मत देऊ नये, ही याल्टा सूत्राची अर्धी बाजू तर जवळजवळ विस्मृतीत गेली आहे. त्यातही आज १९३ सभासद असलेल्या संघटनेत १९४५ च्या विजेत्यांचीच मिरासदारी चालू आहे आणि ५४ राष्ट्रांच्या आफ्रिका खंडाला एकही स्थायी जागा नाही.

सुधारणेचे प्रयत्न : भारत, जपान, जर्मनी व ब्राझील यांनी २००५ मध्ये मांडलेल्या ठरावात सहा नव्या स्थायी जागांची मागणी होती, नव्या स्थायी सभासदांनी पंधरा वर्षांनंतरच्या फेरविचारापर्यंत नकाराधिकार वापरू नये, असेही त्यात सुचविले होते. आफ्रिकी राष्ट्रांनी त्याच वर्षी वेगळी भूमिका घेतली. तत्त्वतः नकाराधिकार नसावा. पण तो असेल तोवर नव्या स्थायी सभासदांनाही मिळाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. इटली, पाकिस्तान आदी राष्ट्रांचा नव्या स्थायी जागांनाच विरोध आहे. २००९ पासून चालू असलेल्या आंतरशासकीय वाटाघाटींतून ठोस निष्पत्ती झालेली नाही. सामूहिक अत्याचारांच्या प्रसंगी स्थायी सभासदांनी स्वेच्छेने हा अधिकार वापरू नये, अशी सूचना फ्रान्स व मेक्सिको यांनी केली. १०० हून अधिक राष्ट्रांनी तिला पाठिंबा दिला असला, तरी अमेरिका, रशिया व चीन यांनी ती स्वीकारलेली नाही. लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या राष्ट्राच्या पुढाकाराने २६ एप्रिल २०२२ रोजी आमसभेने मतदानाविना संमत केलेला ठराव हे अलीकडचे लक्षणीय पाऊल होय. त्यानुसार नकाराधिकार वापरला गेल्यास दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभेची बैठक भरते व त्या कृतीवर चर्चा होते. यामुळे अधिकार कमी झालेला नाही. त्याच्या वापराची जाहीर कारणे देण्याचे दडपण मात्र निर्माण झाले आहे.

नकाराधिकाराचे मूल्यमापन करताना भारतीय अभ्यासकाला एका अवघड प्रश्नाला सामोरे जावे लागते. गोवा व बांगला देश या दोन्ही प्रसंगी समितीतील आणि दुसऱ्या प्रसंगी आमसभेतीलही बहुमत भारताच्या विरुद्ध होते. आज त्या दोन्ही घटना वसाहतवादाचा व जुलमाचा अंत म्हणून ओळखल्या जातात. बहुमत सदैव न्यायाच्या बाजूने असते, असे त्यामुळे म्हणता येत नाही. परंतु भारताला लाभलेले ते संरक्षण हक्काचे नव्हते, एका मित्रराष्ट्राच्या तत्कालीन हितसंबंधांवर ते अवलंबून होते. असा मित्र ज्यांना नव्हता, त्या ऱ्होडेशिया, पॅलेस्टाइन वा सिरियातील जनतेच्या वाट्याला त्याच नियमाची दुसरी बाजू आली. न्याय्य कारणाला मिळणारे संरक्षण मैत्रीच्या योगायोगावर अवलंबून राहू नये आणि तरीही बड्या राष्ट्रांना संघटनेत टिकवून धरावे, हा १९४५ मधील पेच अद्याप सुटलेला नाही.